परभणीतल्या सहा झडपा आणि दोन काचांमधलं धुकं

सरांचा फोन आला तो डिसेंबर 2023 मधला. "अहो, सकाळपासून काच पुसायलोय, पण पुसली जाईना गेलीय. आतून पुसली, शिडी लावून बाहेरून पुसली. धुकं तसंच." मी म्हटलं, सर, मग ते धुकं आतही नाही अन् बाहेरही नाही, दोन काचांच्या मधे आहे. पलीकडं जरा वेळ शांतता. मग, "पण ती तर सीलबंद आहे म्हणून पैसे घेतले होते की!"

सर कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले. घर परभणीतच, वसमत रस्त्याला लागून, 1980 च्या आसपास बांधलेलं. दिवाणखान्याला पश्चिमेकडं दोन खिडक्या, झोपायच्या खोलीला रस्त्याच्या बाजूनं एक. प्रत्येकीला बाहेर उघडणाऱ्या दोन झडपा, म्हणजे एकूण सहा. लाकूड सागवानी. झडप दीड इंची म्हणतात तशी, पण रंधून 35 मिमी राहिलेली. मुळात त्यात 3 मिमीची साधी काच होती, लांबी भरून बसवलेली. लांबी म्हणजे पुट्टीच, पण भिंतीची नव्हे. खडूची पावडर आणि जवसाचं तेल मळून केलेली, काचेची. 2013 साली ऊन आणि हॉर्न दोन्हींना कंटाळून त्यांनी त्याच झडपांत दुहेरी काच बसवून घेतली. चौथ्या-पाचव्या वर्षी कोपऱ्यात पहिला धुरकटपणा दिसला. तो हिवाळ्यात यायचा आणि उन्हाळ्यात जायचा, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. दहाव्या वर्षी मात्र दोन झडपांत कायमचा पांढरा डाग धरला होता, खारट पाणी वाळल्यावर तांब्याच्या बुडाला धरतो तसा.

दुहेरी काचेचं धुकं ओळखणं सोपं असतं. बोट फिरवून रेघ उठली नाही, ना आतून ना बाहेरून, की काच गेली म्हणायची. अवघड असतं ते का गेली हे सांगणं. ज्यानं बसवली त्यानं सांगितलं होतं की काचच खराब निघाली. काच पुरवणाऱ्यानं सांगितलं की बसवणाऱ्यानं वाट लावली. मी दोघांनाही भेटलेलो नाही आणि भेटायची गरजही पडली नाही, कारण झडप उघडल्यावर ती स्वतःच बोलली.

झडपेत काय सापडलं

आमचे सुतारमामा गंगाखेडचे. साठी ओलांडलेली, पण पटाशी अजून हातात घट्ट. जानेवारीत आम्ही पश्चिमेची एक झडप बिजागरीतून काढून अंगणात दोन स्टुलांवर आडवी टाकली. उचलतानाच मामा म्हणाले, "लई जड हाय ही. ह्या बिजागऱ्या कशा तगल्या?" तगल्या नव्हत्या. झडप कडीच्या बाजूनं जवळजवळ अर्धा इंच खाली झुकली होती आणि लावताना खालच्या चौकटीला घासायची. हिशेब साधा आहे. काच दर मिलिमीटर जाडीला एका चौरस मीटरला अडीच किलो भरते. एका झडपेतली काच सुमारे 390 बाय 1130 मिमी, म्हणजे 0.44 चौरस मीटर. जुनी 3 मिमीची काच सव्वातीन किलोची. 2013 ची दुहेरी काच 4 मिमी, मधे 12 मिमी पोकळी, परत 4 मिमी. ती पावणेनऊ किलोची. जवळजवळ तिघींचं ओझं एकीवर आणि बिजागऱ्या मात्र त्याच तीन इंची.

लांबी वरून दगड झाली होती. पटाशीची धार बसेना, तुकडे उडायचे. पण तो वरचा दगड निघाल्यावर खाली जे होतं ते पाहून मामांनी हात थांबवला. काचेच्या कडेला काळं, चिकट, बोट लावलं की तार धरणारं काहीतरी, काकवी करपल्यावर होते तसं. ते काचेच्या आतल्या बाजूलाही घरंगळत गेलेलं, एके ठिकाणी चांगलं दोन बोटं.

हे काळं म्हणजे ब्युटाइल, रबराच्या जातीचं चिकट सील. दुहेरी काचेची रचना इथं सांगावी लागेल. दोन काचांच्या मधे कडेनं अॅल्युमिनियमची पोकळ पट्टी असते. तिच्या आत ओल शोषणारे बारीक दाणे भरलेले असतात आणि पट्टीला आतल्या बाजूनं सूक्ष्म भोकं असतात, म्हणजे पोकळीतली ओल दाण्यांनी ओढून घ्यावी. पट्टी आणि काच यांच्यामधे ब्युटाइलचा पातळ पट्टा, तो ओलीला अडवतो. त्याच्या बाहेर पॉलिसल्फाइडचा किंवा सिलिकॉनचा जाड थर, तो दोन्ही काचा धरून ठेवतो. आणि जवसाच्या तेलाचं या मंडळींशी मुळीच जमत नाही. लांबीतलं तेल मुरत मुरत कडेपर्यंत जातं आणि ब्युटाइलला मऊ करतं. मऊ झालेलं ब्युटाइल परभणीच्या मे महिन्यात, पश्चिमेच्या उन्हात, काय करणार? वितळून वाहणार. लॅमिनेटेड काचेच्या, म्हणजे मधे प्लास्टिकचा थर घालून चिकटवलेल्या दोन काचांच्या, त्या थरालाही हे तेल असंच बाधतं. एकेरी साध्या काचेला मात्र त्याचं काहीच नाही.

पण तेल हा एकटा आरोपी नव्हता. काच बसते त्या लाकडातल्या खालच्या खाचेत पाणी होतं. जानेवारीत, पाऊस जाऊन तीन महिने झाल्यावर. पाणी म्हणजे वाहतं नव्हे, काळ्या चिखलासारखी ओल. काच थेट लाकडावर टेकवली होती, फक्त दोन ठिकाणी सागवानाच्या कपच्या सरकवलेल्या. लांबी आकसली की काचेपासून केसाएवढी सुटते. त्या फटीतून नैऋत्येच्या पावसाचं पाणी आत जातं, आणि एकदा गेलं की दगडासारखी लांबी त्याला बाहेर येऊ देत नाही. काचेची कड चार महिने त्या पाण्यात उभी. मामांनी पेचकस टोचला तर खालच्या पट्टीचं लाकूड कोपऱ्यात बोटभर आत गेलं, भिजलेल्या पावासारखं.

तिसरी गोष्ट मला आधी दिसलीच नव्हती, सरांनी दाखवली. खाचेची उंची जेमतेम 10 मिमी. काचेची सीलबंद कड तिच्यात पुरती लपत नव्हती. अॅल्युमिनियमची चंदेरी रेघ लांबीच्या वर दिसायची. "मला वाटलं ती शोभेची आहे," सर म्हणाले. ती शोभेची नसते. पॉलिसल्फाइडची काचेवरची पकड उन्हानं सुटत जाते, म्हणून ती कड लाकडाखाली झाकलेली लागते.

एक खेळ केला, कारण सर शास्त्रातले माणूस आणि त्यांना पुरावा हवा होता. मोडलेल्या पट्टीतले दाणे हातावर घेतले, खसखशीपेक्षा जरा मोठे, आणि त्यावर चमचाभर पाणी टाकलं. कोरडे असते तर ओल ओढताना चटका बसेल एवढे तापले असते. आमचे थंडगार. त्यांनी प्यायचं ते कधीच पिऊन झालं होतं. दिवसा पोकळीतली हवा तापून फुगते, रात्री आकसते. सील फुटलेली काच असा श्वास घेते आणि प्रत्येक श्वासाला थोडी ओल आत ओढते. दाणे भरले की मग थंडीत पारा 10 अंशांखाली गेला की बाहेरच्या काचेला आतून दव धरतं. परभणीत ते होणारच होतं.

काय बसवायचं यावर झालेला वाद

सरांचं म्हणणं, सहाच्या सहा दुहेरीच परत बसवा, फक्त नीट. माझं म्हणणं वेगळं होतं.

पश्चिमेच्या खिडकीचा त्रास उन्हाचा आहे. साध्या दुहेरी काचेतून, दोन्ही बाजूंच्या हवेतल्या फरकामुळं वाहत येणारी उष्णता एकेरीच्या तुलनेत साधारण निम्मी होते, हे खरं. पण चार वाजता तिरपं थेट ऊन पडतं ते या काचेतून जवळपास तसंच आत येतं. फार तर दहाबारा टक्के कमी. उन्हाला काचेच्या बाहेरच अडवावं लागतं. सज्जाखाली बाहेरून वाळ्याचा किंवा बांबूचा पडदा सोडला तर तो जेवढं काम करतो तेवढं 12 मिमी पोकळी करत नाही. हे मी सांगितल्यावर काकू आतून म्हणाल्या, "मी 2013 लाच म्हणले होते." त्यावर सर काही बोलले नाहीत.

शेवटी ठरलं ते असं. पश्चिमेच्या चार झडपांत लॅमिनेटेड काच, 3 मिमीच्या दोन काचांमधे पातळ थर, एकूण 6.38 मिमी. ही एका झडपेला पावणेसात किलो भरते, आवाजही साध्या काचेपेक्षा बरा अडवते आणि फुटली तरी तुकडे थराला चिकटून राहतात. बाहेरून बांबूचे पडदे. झोपायच्या खोलीच्या दोन झडपांत नवी दुहेरी काच, पण बारीक पोकळीची: 4, 8, 4, म्हणजे 16 मिमी. आणि दोन्हीकडं लांबी अजिबात नाही. सगळीकडं बाहेरून काच धरून ठेवणारी लाकडी पट्टी, म्हणजे बिडिंग, आणि पट्टीखालून पाण्याला वाट.

वाट हाच या कामाचा कळीचा मुद्दा. मामांना तो पटायला वेळ लागला. चाळीस वर्षं ते खिडकीत पाणी शिरू नये म्हणून लांबी भरत आले आहेत, आणि मी त्यांना खाली भोकं पाडायला सांगत होतो. "म्हंजे पाणी आत येऊ द्यायचं म्हनता?" येऊ द्यायचं नाही, पण ते येतंच. दहा वर्षांत कुठून तरी केसभर फट पडतेच. आलेलं बाहेर गेलं पाहिजे, एवढंच.

खाचेची उंची 10 वरून 18 मिमी केली. तळाला बाहेरच्या बाजूनं ढाळ दिला, न्हाणीघराच्या फरशीला देतात तसा. कुजलेली खालची पट्टी दोन झडपांत नवीन घातली. सरांकडं माडीवर जुनं सागवान पडून होतं, त्यांच्या वडिलांनी किनवटकडून आणलेलं; रंधा मारल्यावर अजून तेलकट वास आला. खाचेला आतून प्रायमरचे दोन हात. काचेच्या आतल्या बाजूला 3 मिमीची फोमची चिकट टेप, बाहेरून तीच, मग बिडिंग. बिडिंगचा वरचा काठ उतरता, आणि खालची बिडिंग तळाला चिकटून नव्हे तर तिच्याखाली 5 मिमी उंच आणि बोटभर लांब अशा तीन खाचा. जिथं सिलिकॉन लागलं तिथं बिनवासाचं, न्यूट्रल लिहिलेलं. हार्डवेअरच्या दुकानात स्वस्त मिळतं ते व्हिनेगरसारखा आंबूस वास मारतं. तो वास ॲसिडचा असतो आणि दुहेरी काचेच्या कडेला तो चालत नाही. दुकानदारानं मला दोनदा तेच दिलं आणि दोनदा मी परत केलं.

काच बसवताना ठोकळे कुठं ठेवायचे हेही ठरलेलं असतं. काच लाकडावर टेकवायची नाही, कडक रबराच्या किंवा प्लास्टिकच्या ठोकळ्यावर टेकवायची. उघडणाऱ्या झडपेत खालचा ठोकळा बिजागरीच्या कोपऱ्यात ठेवतात आणि वरचा त्याच्या तिरक्या समोर, कडीच्या बाजूला. गोठ्याच्या फाटकाला खालच्या बिजागरीपासून वरच्या टोकापर्यंत तिरपी पट्टी मारतात ना, तीच कल्पना. मग काचच झडपेला तोलून धरते. हे सांगितल्याबरोबर मामा हसले. फाटकं त्यांनी शेकड्यानं केली असतील. "मग आधी फाटक म्हना की." झुकलेल्या झडपा या एका गोष्टीनं सरळ झाल्या, बिजागऱ्या चार इंची केल्या तो भाग वेगळा.

माझी चूक आणि एक धूर

आता जे चुकलं ते. दुहेरी काच कारखान्यातून मापाची येते, ती नंतर कापता येत नाही, तासता येत नाही. लाकूड मात्र चाळीस वर्षांत चौकोनी राहत नाही. मी रुंदी वर, मधे, खाली मोजली, उंची दोन्ही बाजूंनी मोजली, आणि एका झडपेचे कर्ण मोजायचे विसरलो. दोन कर्णांत 7 मिमीचा फरक होता. काच आली, तीन कोपरे बसले, चौथा काही केल्या बसेना. मामांनी खाच तासायचा प्रयत्न केला, पण तासावं तर बाहेरची कड दोन-अडीच मिमीच राहत होती. नवी काच माझ्या खर्चानं मागवली, आणि ती येईपर्यंत तीन आठवडे झोपायच्या खोलीत एका झडपेला प्लायवूड. काकूंनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही, फक्त रोज चहा देताना त्या प्लायवूडकडं बघायच्या.

दुसरी गोष्ट मेमधली. घराच्या दरवाजावर एक व्हेंटिलेटर आहे, सरांच्या सेलूकडच्या जुन्या वाड्यातून आणलेला. पाच लहान तावदानं, दोन निळी, एक पिवळं, दोन पांढरी. काच जुनी, बघताना पलीकडची फांदी हलल्यासारखी दिसते. त्याची लांबी जागोजागी गळली होती आणि सरांनी विचारलं, यालाही बिडिंग लावायची का? मी म्हटलं, नाही, याला लांबीच. एकेरी काच, सागवानी चौकट, वर सज्जा. याला जवसाच्या लांबीसारखं दुसरं काही नाही. ज्या लांबीनं दिवाणखान्यातल्या काचा खाल्ल्या, तीच इथं सरांच्या आठवणीत कधी बदललेली नव्हती.

जुना रंग खरवडताना पाणी मारत राहिलो. वाड्याचा रंग कधीचा कुणास ठाऊक, आणि घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा, जास्त नको हा नियम आपल्याकडं नोव्हेंबर 2017 पासूनचा. त्याआधीच्या रंगाची धूळ नाकात जाऊ द्यायची नाही. कडक लांबी हीट गननं हळू हळू मऊ केली. काचेवर पुठ्ठ्याला फॉइल चिकटवून आडोसा धरला, तरी एक पांढरं तावदान कोपऱ्यात तडकलंच. निळी वाचली.

लांबी मामांनी ओट्याजवळ बसून मळली. किलोभर चाळलेली खडूची पावडर, त्यात पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास डबल बॉइल्ड जवस तेल, थोडं थोडं करत. आधी भुगा होतो, वाटतं काही जमायचं नाही, आणि मग अचानक गोळा धरतो. काकू उभ्या राहून बघत होत्या. "तेल कमी पडलंय मामा, भेगाळायलंय." मामा मान वर न करता म्हणाले, "काकू, ही तुमची कणीक न्हाय." दोन मिनिटांनी त्यांनी गुपचूप अर्धा चमचा तेल घातलं. खाचेला आधी तेलाचा हात दिला, कारण कोरडं लाकूड लांबीतलं तेल पिऊन टाकतं आणि मग लांबीचा चुरा होतो. रंग दोन आठवडे थांबून, वर साय धरल्यावर दिला, आणि रंगाची कड काचेवर दोन मिमी नेली, म्हणजे लांबी आणि काच यांमधली रेघ बंद.

आणि लांबी भरली त्या संध्याकाळी जिन्याखालून धूर. तेलाचे बोळे एका टबात, भुशावर, एकावर एक टाकून कामावरचा पोरगा घरी गेला होता. जवसाचं तेल वाळतं म्हणजे हवेतला प्राणवायू घेतं, आणि घेताना तापतं. फडकं पसरून ठेवलं तर ती ऊब निघून जाते. बोळा करून ठेवलं तर साठत राहते आणि कुणी काडी न लावता पेटतं. आधी वास आला, कढईत तेल जास्त तापल्याचा. सरांना वाटलं काकू तळायल्यात, काकूंना वाटलं शेजारी. टब अंगणात ओतला तेव्हा मधलं फडकं लालसर धुमसत होतं. तेव्हापासून आमच्या कामावर तेलाची फडकी दोरीवर वाळत घालायची, नाहीतर पाण्याच्या बादलीत. पोराला रागावण्यात अर्थ नव्हता. हे त्याला मी सांगायला हवं होतं.

पावसाळा

जूनच्या आधी एका रविवारी पाण्याची परीक्षा घेतली. बाहेरून तांब्यानं बिडिंगच्या वरच्या कडेवर पाणी ओतलं, आणि मुद्दाम टेपची एक कड पातीनं सोडवून आतही ओतलं. खालच्या तीन खाचांतून ते थेंब थेंब येऊ लागलं. मामा उकिडवे बसून बघत होते, ओठ हलत होते; मला वाटतं ते थेंब मोजत होते.

2024 चा पावसाळा गेला, डिसेंबरही गेला. धुकं नाही. पण सरांची एक तक्रार राहिली आणि ती रास्त आहे: हॉर्न अजून ऐकू येतो. काच बदलली, पण झडप आणि चौकट यांच्यामधली फट जुनीच होती, आणि आवाजाला तेवढी फट पुरते. तिथं रबराची गॅस्केट लावली तेव्हा फरक पडला. हे मी आधी सांगायला हवं होतं. काचेच्या नादात फटीकडं माझं लक्षच गेलं नाही. पश्चिमेच्या खोलीत दुपारी आता बसता येतं, पण त्याचं श्रेय काचेला किती आणि बांबूच्या पडद्याला किती, यावर सर आणि काकू यांचं एकमत नाही.

मार्चमधे परत गेलो तेव्हा दिवाणखान्यातल्या एका झडपेखालच्या दोन खाचा बंद. मातीनं, गुळगुळीत, लिंपून काढल्यासारख्या. कुंभारमाशीनं घर केलं होतं. भिंतीत इतकी भोकं असताना तिला नेमकी हीच सापडली. मी खिशातून पेचकस काढला तर काकूंनी हात धरला. "तेवढ्यानं लाकूड खरवडेल." आणि केसातली पिन काढून त्यांनी दोन्ही खाचा मोकळ्या केल्या.